तीन चाकांचा तोल

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत वाहनाची खरी कसोटी चाकापाशी लागते. वरोऱ्याकडची काळी माती पहिल्या पावसाबरोबर चाकाला बिलगते आणि सहजासहजी सुटत नाही. घुग्घूस-माजरीच्या कोळसा खाणींकडे जाणारे रस्ते अवजड मालमोटारींनी खचलेले असतात. आणि वैनगंगा ओलांडून आलापल्ली, एटापल्ली, भामरागडच्या दिशेने जो आडमार्गाने जातो, त्याच्या चाकाखाली मुरूम, दगड, मुळे आणि तोडलेल्या बांबूचे धारदार खुंट येतात. वैशाख-ज्येष्ठात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो. पावसाळ्यात पर्लकोटेसारख्या नद्या पूल बुडवून वाट अडवितात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या विस्तीर्ण चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोलीचा जिल्हा वेगळा निघाला, त्याचे एक प्रमुख कारण हेच होते, की सिरोंच्याच्या रयतेस जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत पोहोचणे ही मोठी यातायात होती. अशा मुलखात स्वस्त, हलके आणि अरुंद वाटेवरून जाणारे तीनचाकी वाहन, मग ते प्रवासी ऑटोरिक्षा असो, मालवाहू टेंपो असो, की मोटारसायकलीच्या मागे दोन चाकांचा कणा जोडून सिद्ध केलेली गाडी असो, लोकांच्या निकडीचे साधन ठरते. या गाडीच्या मागील चाकांवर मोटारीचे टायर कसे आणि केव्हा बसवावेत, बसविल्यावर त्यांचा तोल कसा साधावा, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

चाकावर आवरण चढविण्याची विद्या या प्रदेशास नवी नाही. येथील बंडी आणि खासर या बैलगाड्यांच्या लाकडी चाकास लोहार लोखंडी धाव चढवीत असे. धावेचा घेर चाकाच्या घेराहून किंचित कमी धरून तिचे टोक टोकास जोडावयाचे, ती आगीत लाल तापवून प्रसरण पावली की चाकावर बसवावयाची, आणि लगोलग पाणी ओतून आकसू द्यावयाची. आकसताना ती आरे, पुठ्ठे आणि तुंबा यांचे सारे सांधे एकमेकांत आवळून घेई. या कृतीत टायरशास्त्राचे पहिले सूत्र सामावलेले आहे: आवरण आणि चाक यांची मापे एकमेकांस अचूक जुळली, तरच चाक एकसंध राहते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांस गंधकाच्या योगे रबर टिकाऊ करण्याची युक्ती साधली, १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉम्सन यांनी हवा भरलेल्या टायरचे पहिले एकस्व घेतले, आणि १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी तीच कल्पना नव्याने व्यवहारात आणली. लोखंडाची जागा रबराने व हवेने घेतली. जुळणीचे सूत्र मात्र अबाधित राहिले.

तीन चाकांचा इतिहास

तीन चाके हा मोटारविद्येचा आरंभबिंदू होय. जर्मनीतील कार्ल बेन्झ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या मोटारीच्या एकस्वासाठी अर्ज केला, ती तीनचाकीच होती. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९३२ पासून १९७३ पर्यंत ‘सर्व्हि-कार’ नावाची तीनचाकी मोटारसायकल बनविली. तिच्या पुढे मोटारसायकलीचे एक चाक आणि मागे मोटारीच्या धर्तीचा, डिफरन्शियल असलेला कणा होता. इटलीत १९४८ मध्ये पिआज्जिओने स्कूटरवरून ‘आपे’ ही मालवाहू तीनचाकी निर्माण केली. आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस नवलमल फिरोदिया यांनी, माणसाने माणसास ओढण्याची हातरिक्षेची प्रथा नाहीशी व्हावी या सद्हेतूने, ऑटोरिक्षेचा पुरस्कार केला. १९५८ मध्ये बजाज टेंपो कंपनी स्थापन होऊन जर्मन परवान्याखाली ‘हॅन्सीट’ ही तीनचाकी तयार होऊ लागली, आणि तिच्यामुळे ‘टेंपो’ हे नाव मराठी मुलखाच्या खेडोपाडी पोहोचले.

या कारखानदारीच्या शेजारीच स्थानिक कारागिरांची एक स्वतंत्र परंपरा वाढली. सौराष्ट्रातील छकडो रिक्षा ही पुढून बुलेट मोटारसायकल आणि मागून मालगाडी अशी जोडणी होती. दिल्लीतील फटफटी ही दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या हार्ले मोटारसायकलींवर उभी राहिली आणि १९९८ च्या सुमारास प्रदूषणाच्या कारणाने रस्त्यावरून निघाली. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये, नारायणपूरच्या जंगलभागात, मोटारसायकलीच्या बाजूस चाकाची शय्या जोडून रुग्णांस दवाखान्यात पोहोचविण्याचा प्रयोग झाला. जेथे रुग्णास खाटेची कावड करून खांद्यावरून न्यावे लागते, तेथे तिसऱ्या चाकाचे मोल काय असते, हे निराळे सांगावयास नको.

कलणारी गाडी आणि न कलणारी गाडी

दुचाकी वळते ती कलून. ती कलली म्हणजे चालकाचे व गाडीचे वजन आणि वळणाचा बाह्य रेटा यांची एकत्रित दिशा चाकाच्या प्रतलातच राहते. चाकावर आडवा ताण जवळजवळ येत नाही. म्हणूनच मोटारसायकलीचा टायर आडव्या छेदात गोलाकार असतो, की कोणत्याही कोनात कलला तरी त्याची थोडी का होईना पण सारखी पट्टी रस्त्यास लागावी. आणि म्हणूनच तिच्या चाकाच्या बारीक तारा उभा भार उत्तम सोसतात. तीनचाकी कलू शकत नाही. वळणावर ती सरळ उभी राहते, आणि बाहेर फेकू पाहणारा सारा रेटा टायरने आडवा सोसावा लागतो. अशा गाडीस मोटारसायकलीचा गोल टायर लावला, तर त्याची मधली अरुंद पट्टीच जमिनीस लागते, तीच झिजते, आणि दोन्ही खांदे कोरे राहतात. मोटारीचा टायर सपाट असल्यामुळे त्याची पूर्ण रुंदी रस्त्यास भिडते आणि आडवा रेटा त्याच्या स्वभावात बसतो. मागील चाकांस मोटारीचा टायर लावण्यामागील शास्त्रीय कारण एवढेच आहे, पण ते भक्कम आहे.

यातूनच दुसरा निष्कर्ष निघतो, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्याने अपघात होतात. मोटारीचा टायर घ्यावयाचा, तर चाकही मोटारीचेच, म्हणजे दाबून घडविलेल्या पोलादी तबकडीचे, घेतले पाहिजे. मोटारसायकलीचे तारांचे चाक आडव्या ताणासाठी घडविलेले नसते. तीनचाकीत ते वळणागणिक वाकते, तारा सैल होतात आणि एक दिवस तुटतात. शिवाय दोन्ही प्रकारच्या रिमांवर इंचांचा आकडा एकच लिहिलेला असला, तरी टायरची पोलादी तारांची कड, जिला कारागीर ‘बीड’ म्हणतात, ती जेथे टेकते त्या बैठकीचा आकार दोहोंत निराळा असतो. जबरदस्तीने चढविलेला टायर हवेच्या दाबाखाली बसल्यासारखा दिसतो. परंतु आडवा रेटा येताच त्याची कड बैठकीवरून सरकू शकते.

पुढील चाकाचा विचार वेगळा करावा. रुंद सपाट टायर पुढे लावला की हँडल जड होते आणि चाकोरीच्या कडा गाडीस आपल्या मागे ओढू लागतात. खासराच्या चाकोऱ्या पडलेल्या वाटेवर हा उपद्रव विशेष जाणवतो. म्हणून पुढे उत्पादकाने सांगितलेल्या मापाचाच टायर ठेवणे शहाणपणाचे.

मापाची निवड

लहान मोटारींचे एक प्रचलित माप १४५/७० आर १२ असे लिहिले जाते. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा, भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती ते सांगतो. ‘आर’ म्हणजे आतील धागे आरपार त्रिज्येच्या दिशेने विणलेला रेडियल टायर. आणि शेवटचा आकडा रिमचा इंचांतील व्यास. हिशेब करता भिंत १०१.५ मिलिमीटर, आणि टायरचा एकूण व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर येतो. ऑटोरिक्षेचा प्रचलित टायर ४.००-८ मापाचा, म्हणजे चार इंच रुंद व आठ इंची रिमचा. त्याचा व्यास सुमारे ४१० मिलिमीटर. एकाच्या जागी दुसरा लावल्यास व्यास जवळजवळ चतुर्थांशाने वाढतो. गाडी तेवढी अधिक धावेल असा मोह होतो, पण निसर्गाच्या दरबारात फुकट काही मिळत नाही: चाकाच्या टोकाशी मिळणारी ओढ सुमारे पंचमांशाने घटते, चढावर क्लच आणि गिअर यांवर ताण येतो, ब्रेकलाही तेवढेच अधिक श्रम पडतात, वेगाचा काटा चुकीचे सांगू लागतो आणि मागील कणा सुमारे पाच सेंटिमीटर उंच होतो. या शेवटच्या परिणामाकडे पुढे पुन्हा वळू.

मापानंतर भार. टायरच्या भिंतीवर ‘६९ एस’ यासारखी खूण असते. त्यातील ६९ हा अंक ३२५ किलोग्रॅम भारक्षमता दर्शवितो आणि ‘एस’ हे अक्षर वेगाची कमाल मर्यादा. टायर किती जुना आहे, हेही भिंतीवरच कोरलेले असते: ‘२३१९’ अशा चार अंकांचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात घडविलेला, असा होतो. येथील उन्हात रबर लवकर वाळते व भेगाळते. म्हणून जुना माल स्वस्तात मिळाला तरी ही खूण वाचल्याखेरीज घेऊ नये. जंगलवाटेसाठी आणखी एक विवेक हवा. रेडियल टायरची भिंत पातळ व लवचिक असते. रस्त्यावर ती सुखावह, परंतु बांबूच्या खुंटाने ती चिरली तर ठिगळ लावून भागत नाही. अशा वाटेवर एकमेकांस तिरपे छेदणाऱ्या थरांचा क्रॉसप्लाय किंवा हलक्या मालवाहू गाड्यांचा जाड भिंतीचा टायर बरा. मात्र एका कण्यावर दोन्ही टायर एकाच जातीचे, मापाचे आणि झिजेचे असावेत. दोन मागील चाकांत १.२ मीटर अंतर असेल, तर काटकोनी वळणात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे १.९ मीटर अधिक धावते. तो फरक पचविण्यासाठी डिफरन्शियल असतो. दोन टायरांचे व्यासच भिन्न असले, तर सरळ वाटेवरही त्यास विश्रांती मिळत नाही आणि तो अकाली झिजतो.

बसवणी आणि हवा

बसवणीचे काम सावकाशीचे आहे. रिमवरील गंज तारेच्या ब्रशने काढून बैठक गुळगुळीत करावी. वाकलेली वा चिरलेली रिम ठोकून वापरण्याचा विचारच करू नये. कडांस साबणाचे पाणी लावावे. ग्रीस किंवा इंजिनाचे तेल कदापि लावू नये, कारण खनिज तेल रबर कुजविते आणि टायर रिमवर घसरत राहतो. टायरची एक कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवून तिच्या समोरची बाजू टायर-लिव्हरने चढवावी, म्हणजे बळ कमी लागते आणि तारांस इजा होत नाही. नव्या टायरवर पिवळा ठिपका असल्यास तो सर्वांत हलकी जागा दर्शवितो; तो व्हॉल्व्हपाशी आणावा, कारण व्हॉल्व्हचे वजन त्या उणिवेची भरपाई करते. कड बैठकीवर बसविताना हवा टप्प्याटप्प्याने भरावी, ४० पौंडांपलीकडे जाऊ नये, आणि चाकावर वाकून उभे राहू नये. तेवढ्यातही कड बसली नाही, तर हवा सोडून पुन्हा साबणपाणी लावावे. दोन्ही अंगांनी टायरवरील बारीक रेघ रिमच्या काठापासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली, म्हणजे बैठक बरोबर जमली असे समजावे.

यानंतर नित्याचा दाब. मोटारीच्या पुस्तकात लिहिलेला दाब मोटारीच्या वजनासाठी असतो. हलक्या तीनचाकीस तोच दिल्यास टायर ताठ होऊन पुन्हा मधल्या पट्टीवरच चालू लागतो. योग्य दाब शोधण्याची एक सोपी रीत आहे: नेहमीचा भार ठेवून टायरच्या नक्षीवर खडूची आडवी रेघ ओढावी, गाडी सपाट जागी थोडी चालवावी आणि खडू कोठे पुसला ते पाहावे. मध्येच पुसला तर हवा अधिक, दोन्ही काठांवर पुसला तर हवा कमी, आणि सर्वत्र सारखा पुसला तर दाब योग्य. दाब नेहमी सकाळी, चाक थंड असताना मोजावा. तीस अंश तापमानात भरलेली २८ पौंड हवा, टायर धावून साठ अंशांपर्यंत तापला म्हणजे सुमारे ३२ पौंडांवर जाते. ती भर दुपारी पाहून घाबरून सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर नरम निघतो, भिंत अधिक वाकते, अधिक तापते, आणि उन्हाळ्यात टायर फुटण्यास हेच निमित्त होते.

तोल

चाक कितीही काळजीने घडविले तरी त्याचे वजन सर्व बाजूंस तंतोतंत सारखे नसते. या असमतोलाचे गणित थोडक्यात असे: बाह्य रेटा हा जड भागाच्या वस्तुमानाच्या, त्रिज्येच्या आणि फिरण्याच्या गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वर सांगितलेल्या चाकाच्या रिमवर, मध्यापासून साडेसहा इंचांवर, केवळ ३० ग्रॅम वजन अधिक असले आणि गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असली, तर चाक सेकंदास दहाहून अधिक फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात कण्यास दोन किलोग्रॅमहून अधिक वजनाएवढा हिसका बसतो. वेग निम्मा केला की हिसका चतुर्थांश होतो. वेग दुप्पट केला की चौपट. मोटारीस भार पेलणाऱ्या स्प्रिंगा आणि वजनदार सांगाडा असतो. हलक्या तीनचाकीत तोच हिसका बेअरिंग, वेल्डिंगचे सांधे आणि अखेरीस चालकाचा कणा यांपर्यंत पोहोचतो.

तोलाचे दोन प्रकार आहेत. पहिला स्थिर तोल: चाक हलक्या बेअरिंगच्या दांड्यावर मोकळे टांगले, की जड भाग आपोआप खाली येऊन थांबतो, त्याच्या बरोबर समोर शिशाची वजने थोडीथोडी लावीत जावे, आणि कोणत्याही स्थितीत सोडले तरी चाक जेथल्या तेथे राहिले, म्हणजे काम झाले. अरुंद टायरास हे पुरते, आणि विजेच्या यंत्राशिवायही होते. रुंद टायरात मात्र जड भाग आतल्या काठास आणि त्याची भरपाई बाहेरच्या काठास, असे घडू शकते. टांगल्यावर चाक निश्चल दिसते, पण फिरू लागताच डाव्या-उजव्या बाजूस डुलते. हा गतिमान असमतोल यंत्रावर चाक फिरवून, दोन्ही काठांवर वेगवेगळी वजने लावूनच दूर होतो. त्या यंत्रावर चाक त्याच्या मधल्या भोकावरून नेमके केंद्रित झाले पाहिजे. जोडून घडविलेल्या चाकाचे भोक यंत्राच्या शंकूवर बरोबर बसत नसेल, तर बरोबर योजलेली वजनेही चुकीच्या जागी लागतात. पावसाळ्यात रिमच्या आत थापलेला काळ्या मातीचा गोळा हे तोल बिघडण्याचे या भागातील अगदी नित्याचे कारण होय. नव्या वजनांचा खर्च करण्यापूर्वी चाक आतून धुऊन घ्यावे.

तोल साधूनही गाडी एका अंगास ओढत असेल, तर दोष कण्याच्या रोखात शोधावा. हँडल सरळ धरून पुढील चाकाच्या मध्यापासून मागील प्रत्येक चाकाच्या मध्यापर्यंत दोरी ताणावी. दोन्ही अंतरे समान नसली, तर कणा तिरपा बसलेला आहे, आणि टायर पुढे जाण्याबरोबरच आडवाही घासत आहे.

आता उंचीच्या प्रश्नाकडे वळू. तीनचाकीचा आधार त्रिकोणी असतो. मागील चाकांतील अंतर १.२ मीटर, आणि गुरुत्वमध्य मागील कण्यापासून पुढील चाकाच्या दिशेने एकतृतीयांश अंतरावर असेल, तर त्या ठिकाणी आधाराची अर्धी रुंदी ६० नव्हे, ४० सेंटिमीटरच उरते. गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंच असल्यास, वळणाचा रेटा वजनाच्या ०.८ पट होताच गाडी उलटू लागते. त्याच रुंदीच्या चारचाकीची मर्यादा १.२ पट असती. मोठ्या टायरांनी सारी गाडी पाच सेंटिमीटर उंचावली, तर हा आकडा ०.७३ वर येतो. म्हणून मोठे टायर लावणाऱ्याने भार खाली आणि मागील चाकांच्या जवळ ठेवावा, शक्य असल्यास मागील अंतर वाढवावे, आणि वळणात ब्रेक लावण्याची सवय सोडावी, कारण त्या वेळी वजन नेमके त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे जाते.

कायदा आणि कारागीर

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यातील कलम ५२ अन्वये, उत्पादकाने ठरविलेल्या स्वरूपापासून भिन्न होईल असा मूलभूत बदल वाहनात करण्यास मनाई आहे. दिव्यांग व्यक्तीच्या सोयीसाठी केलेल्या बदलास मात्र कायद्याने जागा ठेवली असून, २०१९ च्या दुरुस्तीने अशा अनुकूल वाहनाची स्वतंत्र व्याख्याही केली आहे. तेव्हा कणा, चाके अथवा टायरचे माप बदलण्याची तजवीज करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करून मंजुरी घ्यावी आणि नोंदणीच्या दस्तऐवजावर तिची नोंद करवून घ्यावी; अन्यथा अपघात झाल्यास विम्याचा दावा अडतो, आणि नुकसान सोसण्याची पाळी गाडीवाल्यावर येते.

परंतु केवळ हुकुमाने चाक सुरक्षित होत नाही. चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, वडसा, अहेरी येथील रस्त्याकडेचे पंक्चरवाले आणि वेल्डर हेच या विद्येचे खरे धारक आहेत. त्यांच्या हातांत कौशल्य विपुल आहे, त्याला मोजमापाची जोड मिळाली पाहिजे. दोन्ही जिल्ह्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. भारअंक वाचणे, रिमची बैठक ओळखणे, दोरीने कण्याचा रोख तपासणे, साध्या दांड्यावर चाकाचा तोल साधणे, या गोष्टी तेथे अल्पकाळात शिकविता येण्याजोग्या आहेत आणि त्यांस महागडी सामग्री लागत नाही. गाडीवाल्यानेही आपला भाग उचलावा: टायर बसविल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळावेत, दर आठवड्यास थंड चाकाची हवा मोजावी, आणि झीज काठांवर आहे की मध्यात, हे डोळ्यांनी पाहावे. ज्या वाटेवर मदत मिळण्यास अर्धा दिवस लागतो, तेथे ही पाच मिनिटांची तपासणी गाडीत बसलेल्या प्रत्येक माणसाविषयीचे आपले पहिले कर्तव्य आहे.